इटलीच्या द्राक्षभूमी : बाटलीवरचे गाव आणि उतारावरचे हात

वायव्य इटलीतील बारोलो हे जेमतेम सातशे वस्तीचे गाव. एक जुना किल्ला, त्याच्याभोवती दाटीने बसलेली कौलारू घरे आणि चहूबाजूंनी उतरत गेलेल्या द्राक्षबागा, एवढाच त्याचा पसारा. तरीही या गावाचे नाव जगभरातील मोठ्या हॉटेलांच्या मद्यसूचीत मानाने छापले जाते. ज्या काळ्या द्राक्षापासून ही लाल वाइन तयार होते त्याचे नाव नेब्बिओलो; मात्र बाटलीच्या दर्शनी भागावर ते सहसा आढळत नाही. तेथे असते ते गावाचे नाव. ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेतील वाइन बहुधा द्राक्षाच्या जातीवरून ओळखली जाते. इटलीतील नामवंत वाइन बहुतांशी गावाच्या, टेकडीच्या, कधी कधी तर एखाद्या विशिष्ट उताराच्या नावाने विकली जाते.

भारतीय वाचकाला ही कल्पना परकी नाही. दार्जिलिंगच्या चहाला २००४ मध्ये देशातील पहिला भौगोलिक संकेत मिळाला, तेव्हा त्यामागील विचार हाच होता की काही वस्तूंची चव त्यांच्या मातीपासून वेगळी काढता येत नाही आणि म्हणून त्यांचे नावही त्या मातीचेच असावे. इटलीत हा विचार केवळ कायद्यापुरता राहिलेला नाही, तो शेतीच्या रचनेत मुरलेला आहे. सत्तरहून अधिक वाइनना तेथे सर्वोच्च, म्हणजे हमीप्राप्त मूळस्थानाचा दर्जा आहे आणि त्याखालच्या श्रेणीत आणखी तीनशेहून अधिक नावे आहेत. नाव टिकवण्याची व्यवस्था चोख आहे. ज्या भूमीमुळे ते नाव मोठे झाले ती भूमी टिकवणारे हात मात्र कमी होत चालले आहेत, आणि इटलीच्या द्राक्षशेतीपुढील आजचा खरा प्रश्न तोच आहे.

इटलीच्या भूभागाचा चौथ्या हिश्शाहूनही कमी भाग सपाट आहे. बाकी सर्व टेकड्या आणि डोंगर. पो नदीच्या खोऱ्यासारखी सुपीक मैदाने शतकानुशतके गहू, मका, भात आणि गुरांच्या चाऱ्यासाठी राखली गेली. वेलीच्या वाट्याला उतार आले. यात तिचे नुकसान झाले नाही. भरपूर ओल आणि कस असलेल्या जमिनीत वेल पानांनी फोफावते, पण तिची फळे पाणचट होतात. पाण्याचा निचरा होणाऱ्या हलक्या जमिनीत मुळे खोल जातात, घड थोडे लागतात आणि रस दाट होतो. गरिबाच्या जमिनीला वेल मानवली, असेच म्हणावे लागेल.

बारोलो ज्या लांगे नावाच्या टेकड्यांत वसले आहे, त्यांचा इतिहास समुद्रापासून सुरू होतो. साधारणपणे ७० लाख ते १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी येथे समुद्राचा तळ होता. त्यावर चिकणमाती, चुनखडी आणि वाळू यांचे थर साचत गेले. पुढे भूकवचाच्या हालचालींनी तो तळ वर उचलला गेला आणि पावसाने व ओढ्यांनी त्याला कापून लांबट, निमुळत्या सोंडांचे रूप दिले. बारोलो व ला मोर्रा या गावांच्या बाजूची निळसर राखाडी माती तुलनेने तरुण आणि मऊ आहे. तेथील वाइन सुगंधी आणि लवकर मवाळ होणारी मानली जाते. पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते गावांच्या सोंडांवर थर अधिक जुने असून त्यांत वाळूच्या दगडाचा अंश जास्त आहे. तेथील वाइन तुरट, कणखर आणि तळघरात वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणारी. हा भेद ढोबळ आहे. कोणत्याही दोन उत्पादकांना विचारले तर ते त्याला चार अपवाद दाखवतील. पण एकाच द्राक्षापासून, एकाच नियमाने, दोन हाकांच्या अंतरावर तयार झालेली वाइन वेगळी लागते, हे तेथील शेतकऱ्याने भूशास्त्राचा शब्दही कानावर येण्यापूर्वी ओळखले होते.

मातीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्वाचा ठरला तो सूर्य. नेब्बिओलो हे उशिरा पिकणारे द्राक्ष. पूर्वी त्याची तोडणी ऑक्टोबरच्या मध्यावर किंवा त्यानंतर होई, जेव्हा तानारो नदीच्या खोऱ्यातून धुके चढू लागते. धुक्याला इटालियन भाषेत ‘नेब्बिया’ म्हणतात आणि नेब्बिओलो हे नाव त्यावरूनच आले असावे, असा समज आहे. एवढ्या उशिरापर्यंत ऊन मिळेल अशी जागा टेकडीवर शोधायची कशी? जुन्या शेतकऱ्यांची कसोटी सोपी होती. हिवाळ्याच्या अखेरीस ज्या उतारावरचा बर्फ सर्वांत आधी वितळेल, तेथे नेब्बिओलो लावायचा. त्याहून थोड्या कमी उन्हाच्या जागी बार्बेरा, त्याहून थंड जागी लवकर पिकणारा दोल्चेत्तो, आणि जेथे द्राक्ष पिकणारच नाही त्या उत्तरेकडच्या व ओलसर भागांत हेझलनटची झाडे किंवा रान. सूर्याकडे तोंड केलेल्या उताराला स्थानिक बोलीत ‘सोरी’ असे स्वतंत्र नाव आहे. टेकडीच्या माथ्याला ‘ब्रिक्को’ म्हणतात. आज हे दोन्ही शब्द महागड्या बाटल्यांवर छापलेले दिसतात. एखाद्या बाजूच्या डोंगरावरून पाहिले तर पिकांचा हा पट म्हणजे उन्हाचा नकाशाच आहे. २०१० मध्ये बारोलोच्या ११ गावांतील १८१ भौगोलिक नावांची कायदेशीर नोंद झाली. त्यांत अख्ख्या गावांची ११ नावे वगळली तर बाकीची सर्व कान्नुबी, बुस्सिया यांसारख्या छोट्या-मोठ्या उतारांची आहेत. शेतकऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या असलेली नावे अशा रीतीने सरकारी कागदावर आली.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराला येथे एक फरक चटकन जाणवेल. नाशिककडे वेल झोपत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून तिला वळण लावावे लागते. लांगेमध्ये हे काम थंडीच करते. नोव्हेंबरनंतर पाने झडून वेल निद्रिस्त होते, हिवाळ्यात एकदाच छाटणी होते आणि वसंतात डोळे फुटतात. वर्षात एकच संधी मिळते. फुटव्यांच्या वेळी गारठा आला किंवा ऑगस्टमध्ये गारपीट झाली, तर ते वर्ष गेले.

आज लांगेच्या सर्वोत्तम उतारांवरील जमिनीचा भाव हेक्टरी दहा लाख युरोंच्या पुढे गेला आहे. हे वाचणाऱ्याला तेथील अलीकडचे दारिद्र्य खरे वाटणार नाही. आल्बा शहरात जन्मलेले लेखक बेप्पे फेनोल्यो यांची १९५४ मधील ‘ला मालोरा’ ही कादंबरी याच टेकड्यांवरील कर्ज, उपासमार आणि दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राबणाऱ्या तरुणाविषयी आहे. नुतो रेवेल्ली यांनी कूनेओ प्रांतातील वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या जीवनकथा १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांनी त्या जगाला ‘पराभूतांचे जग’ असे नाव दिले. तरुण कारखान्यांकडे निघून जात होते आणि टेकड्या ओस पडत होत्या. आल्बा येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या फेरेरो या चॉकलेट कंपनीने गावोगावी बसगाड्या पाठवून कामगारांना ने-आण करण्याची सोय केली. त्यामुळे अनेक कुटुंबांना कारखान्यात काम करूनही गाव सोडावे लागले नाही. सकाळी कारखाना आणि उरलेल्या वेळात द्राक्षबाग, अशी दुहेरी कसरत त्यांनी केली. लांगेची भूमी वाचली ती केवळ वाइनच्या कीर्तीमुळे नव्हे, तिला कारखान्याच्या पगाराचा आणि त्याच कारखान्याला लागणाऱ्या हेझलनटचाही आधार मिळाला. २०१४ मध्ये युनेस्कोने लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो येथील द्राक्षभूमीला जागतिक वारसा घोषित केले. त्या गौरवाच्या वर्णनांत कारखान्याच्या बसगाड्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

भूमीचे रूप माणसांमधील व्यवहार कसा ठरवतो, याचे याहून ठळक उदाहरण मध्य इटलीत, टस्कनीमध्ये दिसते. फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधला कियांतीचा डोंगराळ पट्टा जगाच्या डोळ्यांपुढे चित्रासारखा उभा राहतो. माथ्यावर दगडी घर, सुरूच्या झाडांची रांग, ऑलिव्हची करडी झाडी आणि मध्ये द्राक्षाच्या ओळी. या भागाच्या वाइनची हद्द ठरवण्याचा प्रयत्नही जुना आहे. टस्कनीचा सत्ताधीश तिसरा कोसिमो दे मेदिची याने १७१६ मध्ये एक फर्मान काढून कियांतीसह चार क्षेत्रांच्या सीमा निश्चित केल्या. वाइनसाठी सीमांकन करणाऱ्या जगातील सर्वांत जुन्या आदेशांमध्ये त्याची गणना होते.

या चित्रामागे एक करार होता. त्याचे नाव ‘मेद्झाद्रिया’. मराठी मुलखात ज्याला अर्धेलीने शेती करणे म्हणतात तोच हा प्रकार. जमीन व घर मालकाचे, श्रम कुळाचे आणि उत्पन्न निम्मे निम्मे. कुळाचे कुटुंब गावात न राहता थेट शेतावरच्या घरात राही. म्हणून टस्कनीत घरे एकेका टेकडीवर विखुरलेली दिसतात. कुटुंबाला धान्य, तेल, वाइन, लाकूड, चारा, सर्व त्याच शेतातून काढायचे असे. म्हणून एकाच उतारावर सर्व काही लावलेले असे. द्राक्षवेल कित्येकदा मॅपलच्या झाडावर चढवलेली आणि दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात गहू, अशी मिश्र शेती सर्वत्र होती. पर्यटकाला जे सौंदर्य वाटते ते कुटुंबाच्या गरजेचे आणि मालकाच्या हिशेबवहीचे फलित होते. त्यात विषमताही पुरेपूर होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरांकडे निघाली आणि १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास मनाई केली.

अन्याय्य व्यवस्था गेली, हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर उतार राखणारी माणसेही गेली. नव्या बागा ट्रॅक्टरच्या सोयीने लावल्या जाऊ लागल्या; समपातळीवरच्या ओळी आणि दगडी बांध अनेक ठिकाणी काढून डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ ओळी आखल्या गेल्या. पावसाच्या पाण्याला तो उघडा मार्ग मिळाला आणि माती वाहून जाऊ लागली. रिकामी झालेली कुळांची घरे परदेशी, विशेषतः इंग्रज खरेदीदारांनी विकत घेतली. ब्रिटिशांनी या भागाला थट्टेने आपल्या एखाद्या परगण्याचे असावे तसे नावही दिले. शेवटी उत्पादकांनाच जाणीव झाली की भूदृश्य हीच आपल्या वाइनची खरी जाहिरात आहे. त्यानंतर अनेक ठिकाणी दगडी बांध पुन्हा रचण्यात आले, या वेळी मजुरी मोजून.

जेथे उतार कियांतीहूनही तीव्र आहे, तेथे दगडी बांध हाच शेतीचा पाया असतो. लिगुरिया प्रदेशातील चिंक्वे तेर्रे, म्हणजे शब्दशः ‘पाच भूमी’, ही समुद्रात कोसळत्या कड्यांवर वसलेली पाच गावे आहेत. येथे शेत नावाची गोष्ट निसर्गाने ठेवलेलीच नाही. हजारएक वर्षांच्या काळात माणसांनी कडा फोडून दगड काढला, त्याच दगडाच्या भिंती चुना-मातीशिवाय एकावर एक रचल्या आणि त्यांच्यामागे माती भरून अरुंद पायऱ्या तयार केल्या. कोकणात घरा-आवाराभोवती असा रचीव गडगा असतो. चिंक्वे तेर्रेमध्ये अख्खा डोंगर अशा गडग्यांनी बांधलेला आहे. या पायऱ्यांवर बोस्को, अल्बारोला आणि व्हेर्मेन्तिनो ही पांढरी द्राक्षे वाढतात. तोडणीनंतर काही द्राक्षे सावलीत सुकवून त्यांपासून ‘शाक्केत्रा’ ही गोड वाइन करतात. घड वाहून न्यायला रस्ता नाही. पूर्वी ते डोक्या-खांद्यावरून जात. आता काही ठिकाणी एका रुळावर चालणारी छोटी यांत्रिक गाडी आहे.

चुना न वापरण्यात गरिबी असली तरी शहाणपणही आहे. अशा भिंतीच्या फटींतून पावसाचे पाणी झिरपून जाते. भिंतीवर त्याचा दाब येत नाही. पण प्रत्येक हिवाळ्यात कुठेतरी एखादा दगड निसटतो, पोट सुटते आणि तो भाग वेळीच बसवला नाही तर पुढच्या पावसात पंधरा-वीस फुटांची भिंत खाली येते. तिच्यामागची माती खालच्या पायरीवर आदळते आणि मग तीही जाते. येथील शेतकऱ्याचे निम्मे आयुष्य वेलीपेक्षा भिंतीच्या सेवेत जाते. पर्यटनाने खानावळ आणि खोल्यांचा सोपा व्यवसाय दिल्यावर ही सेवा कोण करणार? १९९७ मध्ये चिंक्वे तेर्रे जागतिक वारसा झाले तेव्हा बहुसंख्य पायऱ्या आधीच पडीक होत्या आणि आज जुन्या लागवडीचा अल्पसा भागच वापरात आहे.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांत कोसळलेल्या अतिवृष्टीने व्हेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो या दोन गावांत डोंगरावरून चिखल, दगड आणि झाडे यांचा लोंढा आला. व्हेर्नात्साच्या मुख्य रस्त्यावर पहिल्या मजल्यापर्यंत गाळ साचला; दोन्ही गावांत माणसे दगावली. एवढा पाऊस कोणत्याही उताराला जड गेला असता, हे खरे. पण नंतर तेथील भूस्खलनांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले की, अलीकडच्या काळात पडीक टाकलेल्या पायऱ्यांवर माती घसरण्याचे प्रमाण विशेष होते. माणसाने एकदा बांधून काढलेला डोंगर सोडून दिला की तो लगेच जंगल होत नाही. मधल्या काळात त्याला ना वेलीची मुळे धरून ठेवतात, ना मोठ्या वृक्षांची. चिंक्वे तेर्रेची वाइन पिणाऱ्याला ती महाग वाटते. त्या किमतीत खालच्या गावाच्या सुरक्षेचाही थोडा हिस्सा असतो, ही गोष्ट बाटलीवर लिहिलेली नसते.

उत्तरेकडील आल्प्समधल्या वाल्तेल्लिना खोऱ्यातही हेच चित्र आहे. तेथे नेब्बिओलोला किआव्हेन्नास्का म्हणतात आणि त्याला आधार देणाऱ्या दगडी भिंतींची एकूण लांबी सुमारे २,५०० किलोमीटर सांगितली जाते. कोरड्या दगडी भिंती रचण्याच्या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. त्यासाठी इटलीसह आठ युरोपीय देशांनी एकत्रित प्रस्ताव दिला होता.

दक्षिणेकडे, सिसिली बेटावर, प्रश्न वेगळा आहे, कारण तेथे जमीन अजून घडतेच आहे. एटना हा युरोपातील सर्वांत सक्रिय ज्वालामुखींपैकी एक. त्याच्या उत्तर, पूर्व आणि दक्षिण उतारांवर, काही ठिकाणी समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीपर्यंत, द्राक्षबागा आहेत. लाव्हाचा प्रवाह थंड झाल्यावर त्याची माती व्हायला शतके लागतात. त्यामुळे येथे जमिनीची प्रत मोजायची ती प्रवाहाच्या वयावर. शेजारच्या दोन बागांपैकी एक हजारो वर्षे जुन्या लाव्हावर आणि दुसरी काही शतकांपूर्वीच्या प्रवाहाच्या काठावर, असे सहज घडते. ‘कोन्त्रादा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा अनेक क्षेत्रांची नावे बाटलीवर वापरण्यास मान्यता आहे. शेत करण्यासाठी वेचलेले काळे दगड टाकायला जागा नसल्याने शेतकऱ्यांनी त्यांचेच बांध आणि मनोरे रचले. ते आजही बागांच्या मधोमध उभे आहेत. १९८१ मध्ये रान्दात्सो गावाजवळून उतरलेल्या लाव्हाने अनेक बागा कायमच्या गिळल्या.

ज्वालामुखीने घेतले तसे दिलेही. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या सूक्ष्म किडीने युरोपातील द्राक्षशेती उद्ध्वस्त केली. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी अमेरिकन खुंटावर कलम करूनच वेल लावावी लागते. एटनाच्या वाळूसारख्या राखमातीत ही कीड नीट तगत नाही. म्हणून तेथे स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या, शंभरी ओलांडलेल्या वेली अजून सापडतात. नेरेल्लो मास्कालेसे या लाल जातीची ही खोडे मांडवाशिवाय, एकेका खुंट्याच्या आधाराने झुडपासारखी वाढवलेली असतात. त्यांच्यात यंत्र शिरू शकत नाही. २००० नंतर बाहेरचे उत्पादक आणि भांडवल एटनावर आले आणि दुर्लक्षित बागांना भाव आला. सिसिली आणि ट्युनिशिया यांच्या मधल्या पान्तेल्लेरिया बेटावर तर वाऱ्यामुळे वेल उभीच राहू शकत नाही. तेथील शेतकरी जमिनीत पसरट खळगा करून त्यात झिबिब्बो जातीचे बुटके झुडूप लावतो. दव आणि पावसाचा थेंबही त्या खळग्यात साचतो. झिबिब्बो हा शब्द मनुक्याच्या अरबी नावावरून आला आहे. २०१४ मध्ये या लागवड पद्धतीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाचा मान मिळाला. शेतीच्या एखाद्या पद्धतीला तो मिळण्याची ही पहिली वेळ होती.

नाव आणि भूमी यांचे नाते कायद्याने बांधण्याची प्रक्रिया इटलीत १९६३ मध्ये सुरू झाली. मूळस्थानाचा दर्जा देणारा तो पहिला व्यापक कायदा. १९८० मध्ये बारोलोसारख्या निवडक वाइनना हमीप्राप्त दर्जा मिळू लागला. पण कागदावरची हमी पुरेशी नसते, हे १९८६ मध्ये भयंकर रीतीने सिद्ध झाले. स्वस्त वाइनची तीव्रता वाढवण्यासाठी तीत मिथेनॉल हे विषारी रसायन मिसळण्यात आले आणि वीसहून अधिक लोकांचा बळी गेला. अनेकांची दृष्टी गेली. ही भेसळ पिएमॉन्ते प्रदेशातच, बारोलोपासून फारशा दूर नसलेल्या एका गावातून झाली होती. निर्यात कोसळली. त्यानंतर इटलीने अधिक माल विकण्याऐवजी ओळख असलेला माल विकण्याचा मार्ग धरला. १९९२ मध्ये नवा कायदा आला आणि तपासणी कडक झाली.

नावाचा कायदा कोणत्या थराला जाऊ शकतो, हे प्रोसेक्कोच्या प्रकरणात दिसले. प्रोसेक्को हे ईशान्य इटलीतील फेसाळ वाइनचे आणि त्याच वेळी तिच्या द्राक्षाचेही नाव होते. द्राक्षाच्या जातीचे नाव जगात कोणीही वापरू शकतो. मागणी वाढू लागली तेव्हा ही पळवाट बुजवणे भाग पडले. २००९ मध्ये द्राक्षाला ‘ग्लेरा’ हे नाव अधिकृतपणे देण्यात आले आणि प्रोसेक्को हे स्थानवाचक नाव ठरवले गेले. त्यासाठी प्रोसेक्को नावाचे स्थान असणे आवश्यक होते. तसे एक खेडे त्रिएस्ते शहराजवळ आहे, परंतु वाइनच्या जुन्या टेकड्यांपासून बरेच दूर. मग ते खेडे आत यावे, अशा बेताने वेनेतो आणि फ्रिउली या दोन प्रदेशांतील नऊ प्रांतांपर्यंत सीमा पसरवण्यात आली. गावावरून वाइनला नाव मिळण्याऐवजी नावासाठी गाव शोधले गेले. आज या विस्तृत क्षेत्रात, बहुतांशी मैदानी बागांतून, वर्षाला साठ कोटींहून अधिक बाटल्या भरल्या जातात. कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने यांच्यामधील मूळच्या खड्या टेकड्यांना २०१९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे दगडाऐवजी गवताच्या धसांनी बांधलेल्या अरुंद पायऱ्या असून बहुतेक काम हातानेच करावे लागते. दुकानाच्या फळीवर मात्र दोन्ही बाटल्या शेजारी असतात आणि ग्राहकाला दिसतो तो एकच शब्द.

डोंगरावरील हातकामाची दखल इटलीच्या कायद्याने उशिरा का होईना घेतली आहे. २०१६ च्या वाइनविषयक कायद्याने वाइन, वेल आणि द्राक्षभूमी यांना श्रम व ज्ञान यांचे फळ मानून राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा घोषित केले आणि ‘वीरोचित’ द्राक्षबागांच्या संरक्षणाची तरतूद केली. तीस टक्क्यांहून अधिक चढ, पाचशे मीटरहून अधिक उंची, पायऱ्यांची शेती किंवा छोटी बेटे, अशा निकषांवर हे विशेषण लावले जाते. शब्द भव्य आहे. पण शेतमजुराच्या बाजारात वीरत्वाला वेगळा भाव नसतो. योगायोगाने त्याच वर्षी इटलीला आणखी एक कायदा करावा लागला. तो होता शेतमजुरांना मुकादमांमार्फत राबवून त्यांची पिळवणूक करण्याविरुद्धचा.

कारण आता तोडणीच्या हंगामात टेकडीवर दिसणारे चेहरे बहुधा बाहेरून आलेले असतात. लांगे आणि शेजारच्या भागात उत्तर मॅसिडोनिया, रोमानिया आणि पश्चिम आफ्रिकेतील मजूर छाटणीपासून तोडणीपर्यंतची कामे करतात. भारतीयांचाही इटलीच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत वाटा आहे, जरी तो मुख्यतः द्राक्षमळ्यांत नसला तरी. पो खोऱ्यातील गोठ्यांत पंजाबी कामगार मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्याशिवाय तेथील प्रसिद्ध चीजचे दूध काढणार कोण, असा प्रश्न तेथील लोकच विचारतात. वाइनच्या टेकड्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो. २०२४ च्या उन्हाळ्यात लांगेमध्येच द्राक्षमळ्यांतील स्थलांतरित मजुरांच्या पिळवणुकीविरुद्ध पोलिसांना कारवाई करावी लागली. शंभर युरोंची बाटली आणि तासाला काही युरोंची मजुरी यांच्यातील अंतर तेव्हा सर्वांसमोर आले.

त्यात भर पडली आहे बदलत्या हवामानाची. नेब्बिओलोची तोडणी आता अनेक वर्षी सप्टेंबरातच सुरू होते. धुके यायच्या आत द्राक्षे तळघरात पोहोचलेली असतात. २०१७ आणि २०२२ ही वर्षे उष्णतेची आणि कडक अवर्षणाची गेली. ज्या दक्षिणाभिमुख उतारांना पिढ्यान्पिढ्या सर्वोत्तम मानले, तेथेच घड भाजण्याची भीती निर्माण झाली आहे. साखर लवकर चढते, तर साल आणि बियांचा तुरटपणा पिकायला वेळ मिळत नाही. अवघड पायऱ्या राखणाऱ्यांना मात्र थोडी अनपेक्षित साथ मिळते आहे. वाल्तेल्लिनाच्या वरच्या पायऱ्या, एटनाचे उंच कोन्त्रादा, ज्यांना पूर्वी फार थंड म्हणून नावे ठेवली जात, तेथे आता द्राक्ष संथपणे आणि चांगले पिकते.

बारोलोच्या नियमावलीत उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर लागवडीस बंदी आहे. तिच्या मुळाशी बर्फ आधी कुठे वितळतो, हीच जुनी कसोटी होती. ही बंदी शिथिल करावी की नाही, यावर उत्पादकांमध्ये आता वाद सुरू आहे. काहींच्या मते हवामान बदलले असताना नियम जुन्या थंडीला धरून राहण्यात अर्थ नाही. इतरांना भीती आहे ती वेगळीच. उत्तरेचे उतार मोकळे झाले, तर उरलेली हेझलनटची झाडे आणि टेकड्यांच्या सावलीतली राने तोडली जातील, आणि हेक्टरी दहा लाख युरोंच्या भावापुढे ती कोणी वाचवू शकणार नाही. सध्या तरी त्या सावलीच्या बाजूला हेझलनट उभे आहेत. उन्हाच्या बाजूला फेब्रुवारीत छाटणी चालते आणि कापलेल्या काड्या गोळा करणाऱ्यांत त्या गावात जन्मलेले थोडेच असतात.